दगड पाण्यात बसतच नाहीयेत? वॉटरकलर लँडस्केप कसं तपासायचं, सोप्यापासून अवघडाकडे

"काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाहीये." पाणी आणि दगडांचं वॉटरकलर असलं की ऑनलाइन टाकलेल्या फोटोखाली हमखास हे वाक्य येतं. मेणवलीचा घाट असो, भंडारदऱ्याकडचा ओढा असो नाहीतर कोकणातला वहाळ, तक्रार तीच आणि कारणंही फिरून फिरून तीच. त्यामुळे प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी लक्षणं बघा, तुमच्या चित्रात कुठलं आहे ते:

- दगड पाण्यावर आणून ठेवल्यासारखे दिसतात, बुडालेले वाटत नाहीत
- नदी एका बाजूला कललीये असं वाटतं
- रंग निळा आहे, लाटा पण काढल्यात, तरी पाणी वाटत नाही, नुसती रंगवलेली जमीन वाटते
- सगळे दगड एकाच मापाचे, एकाच वळणाचे
- फेस किंवा चमक वरून चिकटवल्यासारखी
- दगड कितीही गडद केले तरी जोर येत नाही, उलट मळकट होतात
- वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, सलग बसत नाही, मधेच गडद ठिपके उठतात

पहिली तीन असतील तर खालच्या फुकटातल्या तपासण्यांमध्येच उत्तर सापडेल. शेवटची दोन असतील तर जरा खोल जावं लागेल. माझा अनुभव सांगतो, दगड आणि पाणी जिथे भेटतात त्या बोटभर पट्ट्यात दोष असतो आणि लोक मात्र दगडाच्या डोक्यावर अजून एक लेयर चढवत बसतात. म्हणून क्रम पाळा, ब्रश सगळ्यात शेवटी हातात घ्या.

काहीही करू नका, आधी वाळू द्या

गंमत नाही, खरंच. वॉटरकलर वाळलं की फिकं पडतं, काही रंग तर बरेच. ओलं असताना जो दगड दणदणीत गडद वाटत होता तो अर्ध्या तासाने पाण्याच्याच टोनचा, म्हणजे तितकाच गडद-फिका, होऊन बसतो. उलटंही होतं, ओल्या कागदाच्या चमकेत जे भयंकर वाटतं ते वाळल्यावर बरं दिसतं आणि तोवर आपण घाबरून पुसून टाकलेलं असतं. वाळलं की चित्र भिंतीला टेकवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. मग उलटं करून बघा, डोकं खाली पाय वर. उलटं केलं की डोळा दगड-पाणी असं वाचत नाही, नुसते आकार आणि गडद-फिकं वाचतो, आणि खटकणारी जागा लगेच हाताला लागते.

मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट

फोटो काढा, रंग शून्यावर आणा. आता तीन गोष्टी बघायच्या: दगडाचा माथा, दगडाची बाजू, पाणी. तिन्ही एकाच करड्या रंगाचे दिसतायत? मग रंग कितीही महागाचा असला तरी दगड उठणार नाही, कारण दगड ओळखू येतो तो माथ्यावर पडलेला उजेड आणि बाजूची सावली यांच्यातल्या फरकावर. आपला सह्याद्रीचा दगड काळा बेसाल्ट, लोकांच्या डोक्यात "काळा दगड" इतकं पक्कं बसलंय की ते माथ्यापासून पायापर्यंत काळाच रंगवतात. भर दुपारी प्रत्यक्ष जाऊन बघा, त्याच काळ्या दगडाचा माथा आकाशाचा उजेड घेऊन चक्क फिका राखाडी दिसतो, कधी कधी शेजारच्या पाण्याहूनही फिका. कोकणात जांभा असेल तर माथा जवळजवळ गुलाबीसर नारिंगी आणि बाजू गडद विटकरी.

ही तपासणी इतकी वर ठेवलीये कारण टोन चुकला असेल तर पुढचं सगळं फुकट, आणि टोन बरोबर असेल तर बऱ्याच बारीक चुका खपून जातात.

पाण्याची रेषा आडवी आहे का

कागदाची एक सरळ पट्टी घ्या आणि दगडाच्या पायाला, पाण्याला टेकतो तिथे, आडवी धरा. संथ पाण्याची पातळी सपाट असते, एवढं एकच भौतिकशास्त्र इथे लागतं. त्यामुळे दगड कसाही वेडावाकडा असला तरी पाणी त्याला जिथे कापतं ती रेष आपल्याला जवळपास आडवीच दिसणार, समोरून थोडी खाली वळलेली, चपट्या लंबगोलाचा पुढचा भाग असतो तशी. दगड काढताना आपण त्याचा आख्खा आकार काढतो, तळाशी गोल फिरवतो, आणि तिथेच घात होतो, कारण तो गोल तळ म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या बटाट्याचा तळ. पाण्यातला दगड खालून सपाट कापलेला दिसायला हवा.

दोन-तीन दगडांच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना तिरक्या गेल्या की "नदी कलली" हे लक्षण येतं. इलाज स्वस्तातला: ज्या बाजूची रेष खाली उतरलीये तिथे पाण्याचाच रंग थोडा गडद करून दगडाच्या तळावर आडवा ओढा, गोल तळ पाण्याखाली जातो. वाहत्या ओढ्यात मात्र नियम सैल होतो. पाणी दगडावर आपटून एका बाजूला चढतं आणि मागच्या बाजूला खाली बसतं, त्यामुळे धबधब्याखालच्या दगडांना पट्टी लावत बसू नका.

कड सगळीकडून टणक आहे का

दगडाभोवती बोट फिरवा, म्हणजे हवेत, कागदावर नको. पूर्ण फेरी मारताना कुठेच कड हरवत नसेल, सगळीकडे कापल्यासारखी धारदार असेल, तर तो दगड कात्रीने कापून डकवलेलाच दिसणार. वरची कड, उजेडाकडची, टणक असू दे. खालची, पाण्यात जाणारी, दोन-तीन ठिकाणी विरघळायला हवी.

एका ताईंचं मेणवलीचं चित्र आलं होतं, क्वार्टर इम्पीरियल म्हणजे ११ बाय १५ इंच, घाटाच्या पायऱ्या मस्त, झाड मस्त, समोर उजवीकडचा एक मोठा दगड मात्र अक्षरशः चित्रातून बाहेर पडत होता. त्यांना वाटत होतं दगडाचा रंग चुकलाय. रंगाला काही झालं नव्हतं. आम्ही अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून कपड्यावर टिपला, म्हणजे नुसता दमट, आणि दगडाच्या तळाच्या कडेवर दोन जागी आडवा घासून टिश्यूने लगेच टिपून घेतलं. त्याच दमट जागेत बर्न्ट सिएना (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचा गडद राखाडी सोडला, तो खाली पाण्यात थोडा उतरला. वाळल्यावर त्या गडद भागातून एक बारीक आडवी फिकी रेष उचलली, पाण्याची चमक म्हणून. बास. माथ्याला हात लावला नाही, आकार बदलला नाही, दगड पाण्यात बसला.

इथे एक सावधगिरी. थॅलो निळा-हिरवा, अ‍ॅलिझरीन असले रंग कागदाला डाग धरतात, ते अशा दमट ब्रशने नीट उठत नाहीत. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, कोबाल्ट बऱ्यापैकी उठतात. तुमच्या पाण्यात कुठला रंग आहे ते आठवूनच घासायला घ्या.

प्रतिबिंब आणि सावली यांची सरमिसळ

ही चूक अनुभवी लोकही करतात. प्रतिबिंब कायम दगडाच्या सरळ खाली, तुमच्याकडे येणार. सूर्य कुठेही असो, प्रतिबिंबाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. सावली सूर्याच्या उलट बाजूला पडणार. चित्रात जर प्रतिबिंब तिरकं गेलं असेल तर तुम्ही सावली काढलीये आणि तिला प्रतिबिंब समजताय.

वरून अजून एक गंमत आहे. स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली धड पडतच नाही, ती तळावर पडते, म्हणून सावलीच्या जागेत तळातले गोटे जास्त स्पष्ट दिसतात. जुलै-ऑगस्टच्या गढूळ लाल पाण्यावर मात्र सावली चांगली ठसठशीत पडते, मातीच्या कणांनी तो पृष्ठभागच जवळजवळ जमिनीसारखा वागायला लागतो. म्हणजे फोटो पावसाळ्यातला की डिसेंबरचा यावर उत्तर बदलतं. समीक्षा करताना हे आधी विचारा, मग बोला. बऱ्याचदा लोक डिसेंबरच्या फोटोवरून चित्र करतात आणि सावली पावसाळ्यातली काढतात.

टोनचा ढोबळ नियम: गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून जरा फिकं, फिक्या वस्तूचं जरा गडद. बेसाल्टचा काळा पाण्यात तितकाच काळा ठेवला की दगडाची लांबी दुप्पट झाल्यासारखी दिसते आणि पाण्याची रेष गायब होते. आणि बघणारा पुलावर, उंच उभा असेल तर प्रतिबिंब ही दगडाची हुबेहूब उलटी कॉपी नसते, त्यात दगडाचा माथा कमी आणि खालची बाजू जास्त दिसते, त्यामुळे आरशासारखं उलटवून ट्रेस करायच्या फंदात पडू नका.

ओला पट्टा

दगडाच्या तळाशी, पाण्याच्या रेषेच्या लगेच वर, एक ओला पट्टा असतो. ओला दगड कोरड्यापेक्षा गडद दिसतो, खरखरीत पृष्ठभागावर पाण्याचा थर बसला की उजेड विखरून परत येण्याऐवजी आतच जास्त शोषला जातो म्हणून. चित्रात हा पट्टा नसेल तर दगड कोरडा ठणठणीत, आणि कोरडा दगड पाण्यात उभा असणं डोळ्याला पटत नाही. एकच गडद आडवा स्ट्रोक, कमी-जास्त जाडीचा, पाच मिनिटांचं काम. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असेल तर त्याच्याही वर एक फिका पांढुरका पट्टा दिसतो, जुन्या पातळीची खूण. तो दाखवला तर चित्रात महिनासुद्धा कळतो.

दगडांचे आकार

सगळे दगड एकाच साच्यातले झालेत का ते बघायला मोजणी लागत नाही, डोळे बारीक केले की कळतं. आपला हात आपोआप समान अंतर आणि समान माप धरतो. एक मोठा, त्याला चिकटून एक मध्यम, लांब कुठेतरी दोन टिकल्या, आणि निदान एक जागी दोन दगड एकमेकांवर चढलेले, एवढं असलं तरी पुरतं. आणि कुठला दगड आहे हे माहीत असू दे. घाटातून तुटून पडलेला बेसाल्ट कोनदार असतो, नदीने लांबवर लोटत आणलेला गोटा गोल. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, तिथे पाण्याने गरगर फिरवलेल्या दगडगोट्यांनी बेसाल्ट आतून कोरून काढलाय. तिथलं चित्र करताना सुटे दगड काढत बसलात तर जागा ओळखूच येणार नाही, तिथे आकार असतो खड्ड्यांचा आणि त्यांच्या गुळगुळीत काठांचा.

वॉश अर्धवट ओला असताना जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून दगडाचा फिका माथा काढायची युक्ती भारी आहे, पण वेळ साधावी लागते. फार ओलं असताना खरवडलं तर रंग परत त्या खाचेत धावतो आणि फिक्याऐवजी गडद ओरखडा मिळतो. कागदावरची चकाकी जाऊन नुसता ओलसरपणा राहिला की मग.

पाणी पाणी का वाटत नाही

दोन कारणं. पहिलं, लाटा फार. पूर्ण पाण्यावर सारख्या अंतरावर सारख्या लांबीच्या रेघा. पाणीही जमिनीसारखं पर्स्पेक्टिव्हमध्ये असतं, लांबच्या लाटा बारीक आणि दाटीवाटीने, जवळच्या रुंद आणि सुट्या, आणि मधे बराच भाग रिकामा, नुसता वॉश. रिकामा भाग सोडायला लोक घाबरतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाय पाण्यात सोडून बसलात आणि सरळ खाली बघितलंत तर तळ दिसतो, कारण तशा नजरेला पाण्यावरून जेमतेम २ टक्के उजेड परावर्तित होतो. नजर जसजशी लांब, तिरकी, जवळजवळ आडवी होत जाते तसतसं परावर्तन वाढत जातं, अगदी क्षितिजाकडे बघताना निम्म्याहून जास्त. म्हणून एकाच चित्रात पुढच्या पाण्यात तळातले गोटे, तपकिरी-हिरवट, आणि मागच्या पाण्यात आकाश आणि झाडं असं हवं. आख्खं पाणी वरपासून खालपर्यंत एकाच निळ्याने भरलं की ते उभ्या भिंतीसारखं नाहीतर सपाट जमिनीसारखं वाचलं जातं. दुरुस्ती: पुढचा तिसरा हिस्सा स्वच्छ पाण्याने ओला करून त्यात पातळ बर्न्ट सिएना किंवा रॉ अंबर सोडा आणि वर निळ्यात विरू द्या. आधीचा वॉश हाडासारखा कोरडा हवा, नाहीतर खालचा निळा उठून सगळं गढूळ. बाकी "पाणी म्हणजे निळं" हे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतच सोडून यायचं.

पांढरं राहिलंच नाही

फेस आणि चमक कागदाचीच ठेवलेली सगळ्यात चांगली दिसते, आधी सोडलेली किंवा मास्किंग फ्लुइडने (कागद झाकून ठेवणारं, नंतर सोलून काढायचं रबरी द्रव) वाचवलेली. फ्लुइड वापरलं असेल तर त्याच्या कडा कापल्यासारख्या कडक दिसतात, त्या दमट ब्रशने जागोजागी मऊ करा, "चिकटवल्यासारखा फेस" हे लक्षण बहुतेक तिथूनच येतं.

सोडायचं राहून गेलं असेल तर ब्लेडच्या टोकाने पूर्ण कोरड्या कागदावर हलकेच आडवं खरवडा. इंग्लिश चित्रकार टर्नर यासाठी चक्क नख वाढवून ठेवायचा. तेही जमत नसेल तर पांढरं गुआश, म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर. काही लोक नाक मुरडतात की वॉटरकलरमध्ये पांढरा वापरायचाच नाही म्हणून, त्यांनी अमेरिकन चित्रकार सार्जंटचे आल्प्समधल्या ओढ्यांचे वॉटरकलर बघावेत, तिथे गुआश आहे आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. फक्त ट्यूबमधून निघालेला शुद्ध पांढरा लावू नका, त्यात किंचित निळा किंवा पिवळा मिसळा, आणि सगळ्यात शेवटी लावा. त्यावर पुन्हा वॉश मारलात तर दुधाळ डाग पडतो तो कायमचा.

मळकटपणा

दगड गडद होत नाही म्हणून लेयरवर लेयर, हे दुष्टचक्र आहे. ४-५ पातळ थर देण्यापेक्षा एक दमदार थर चांगला. दगडासाठी तयार काळा किंवा पेन्स ग्रे (तयार निळसर राखाडी) थेट न वापरता बर्न्ट सिएना अधिक अल्ट्रामरीन मिसळा, निळा जास्त तर थंड राखाडी, तपकिरी जास्त तर उबदार, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसून आपोआप दगडाचा खरखरीतपणा येतो. पाणी कमी, रंग जास्त. आधीच मळलेला दगड वाचवायचा असेल तर तो आख्खा स्पंजने उचलून परत करावा लागतो, आणि हे कागदावर अवलंबून आहे. १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम असेल तर सहन करतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असेल तर सोडून द्या.

कागदच मेला असेल तर

गडद ठिपके, वॉश खेचून घेतल्यासारखा, कडा फुटलेल्या, हे दिसलं की ब्रशला आणि स्वतःला दोष देऊ नका. कागदावर जिलेटिनचं किंवा तसलं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, असतं, तेच रंगाला वर धरून ठेवतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईत, दमट कपाटात पडलेल्या कागदाचं सायझिंग खराब होतं. कोऱ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब फुगून बसला तर ठीक, बघता बघता आत शोषला गेला तर कागद संपला. त्या कागदावर वॉटरकलर करत बसू नका, पेस्टल, चारकोल, गुआश करा. नवीन कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा आणि लॉफ्टवर ठेवायचा नाही.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

कागदावर लव उठायला लागली, म्हणजे बोट फिरवलं की बारीक तंतू लागतायत, तर त्याच क्षणी ब्रश खाली ठेवा. तिथे आता कुठलाही वॉश सलग बसणार नाही. चित्राचा जो भाग चांगला आहे तेवढा माउंटच्या (फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीत पकडता येतो का ते बघा, बऱ्याच वेळा येतो.

कागद पोकळ फुगलाय, लाटा पडल्यात, तर मागून दमट करून वजनाखाली दाबणं घरी जमतं, पण चित्र विकलेलं असेल किंवा कोणाच्या ऑर्डरचं असेल तर प्रयोग नको, चांगल्या फ्रेमवाल्याकडे द्या आणि त्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट स्पष्ट शब्दांत सांगा.

आजोबांचं, घरातलं जुनं वॉटरकलर असेल, त्यावर तपकिरी ठिपके किंवा बुरशी असेल तर वरचं काहीही त्याला लावायचं नाही. खोडरबर नाही, ब्लीच तर अजिबातच नाही, ऊनसुद्धा दाखवू नका, वॉटरकलर उन्हाने उडतं. ते काम कागदाच्या कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुन्या चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्याचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आर्ट कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, निदान विचारणा तिथे करता येते.

आणि वरचं सगळं करूनही प्रत्येक नव्या चित्रात तेच लक्षण येत असेल तर ऑनलाइन मत विचारणं बंद करा, शिक्षकाकडे बसा, हात रंगवताना बघणारं कोणीतरी हवं, तयार चित्रावरून हाताची सवय दिसत नाही. तोवर मला फोटो पाठवायचाच असेल तर खिडकीच्या उजेडात, चित्र सपाट ठेवून, फिल्टर न लावता काढा, सोबत मूळ जागेचा फोटो द्या आणि कागद कुठला, रंग कुठले ते लिहा. ट्यूबलाइटखाली तिरक्या अँगलने काढलेल्या फोटोवर मी नदी कललीये की मोबाईल, हे सांगू शकत नाही.